प्रोडक्शन मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल

निमोणे, ता. शिरूर
२३ जानेवारी २०२५

चि. पृथ्वीराज,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात ओळ घालवत नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास हे मला तुझ्या आईकडून कळलं. त्याआधी चार दिवस मी रेंजला शिव्या घालत होतो. मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीवरही चढून आलो. शेवटी ती खालून ओरडली, "उतरा आता. रेंज हाय, पोराचं मन न्हाई." तुझा दौंडचा पत्ता द्यायलाही तिने चार दिवस लावले. पत्र काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मला एवढंच सांग, मी केलं काय? सत्कार केला. खून नाही, चोरी नाही, कुणाचा बांध कोरला नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी, सरपंच रोहिदास आणि गावातली चार माणसं बोलेरोने कुरकुंभला आलो. शाल, श्रीफळ, फेटा विकत आणलेला आणि शेवंतीचा हार आपल्या घरच्या फुलांचा. निघताना तुझी आई म्हणाली होती, "आज कर हाय, आज कशाला निघताय?" करीच्या दिवशी चांगल्या कामाला निघू नये हे मलाही कळतं, पण रोहिदासची गाडी त्याच दिवशी मोकळी होती. तेवढी एक चूक मान्य.

कंपनीच्या गेटसमोर फ्लेक्स लावला. मजकूर माझाच. गावात कुणाचाही वाढदिवस असो, निवड असो, दहावा असो, फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडूनच जातो हे तुला माहीत आहे. तुझ्यासाठी लिहिताना तर हात आखडता घेण्याचं कारणच नव्हतं. "निमोणे गावचे सुपुत्र, अभियंता चि. पृथ्वीराज यांची कुरकुंभ येथील नामांकित कंपनीत प्रोडक्शन मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ." फोटो तुझ्या कॉलेजचा, कोट घातलेला.

निवड झालेली नव्हती हे खरं. पण आपल्याकडे फ्लेक्स आधी लागतो आणि निवड मागून होते. दहा वर्षं दूध संस्थेचा चेअरमन होतो, मी हेच पाहिलं. नवा साहेब आला की शाल घालायची, नारळ द्यायचा, चार शब्द गोड बोलायचे, मग त्याला आपली ओळख राहते आणि अडलेलं काम पुढे सरकतं. तुला तिथे अडीच वर्षं झाली आणि कुणी तुझी दखल घेत नाही. म्हटलं, आपण जाऊन पोराच्या पाठीमागे गाव उभं आहे हे दाखवावं.

वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?" मी म्हणालो, मालकांना. मालक मुंबईला असतात म्हणे. अर्ध्या तासाने गळ्यात पट्टा अडकवलेला एचआरचा एक माणूस आला. मग त्यालाच फेटा बांधला. तो नको नको म्हणत होता, पण आपल्याकडे सगळेच आधी नको म्हणतात.

मग पाळी सुटली आणि तू बाहेर आलास. निळा ड्रेस, हातात हेल्मेट. रोहिदासने तुझ्या नावाची घोषणा दिली. बरोबरची पोरं हसायला लागली. तू फ्लेक्सकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि हायवेच्या दिशेने चालत गेलास. बापाच्या हातात हार तसाच राहिला, पृथ्वीराज. हे काही बरं नाही केलंस.

दुसऱ्या दिवशी तुझा गेटपास बंद झाला, असं तुझी आई म्हणते. सत्कार केल्यामुळे कुणाची नोकरी गेली, हे मी अठ्ठावन्न वर्षांत ऐकलेलं नाही. आणि तू कंपनीचा नसून कॉन्ट्रॅक्टरकडचा आहेस, हे मला कुणी सांगितलं होतं का? माहीत असतं तर मी कशाला आलो असतो?

फोन कर. तुझी आई वाट पाहते. माझं काही नाही.

तुझा
आबा


निमोणे
६ फेब्रुवारी २०२५

चि. पृथ्वीराज,

उत्तर नाही. पोस्टाच्या पावतीवरून पत्र तुला मिळालं एवढं कळलं.

त्या पत्रात एक गोष्ट मी खोटी लिहिली. ती लिहिल्यापासून मला घास गोड लागत नाही, म्हणून आधी ती निस्तरतो. तू कॉन्ट्रॅक्टरकडे आहेस हे मला माहीत होतं. दिवाळीत करंज्या तळताना तुझी आई म्हणाली होती, "आवं, त्याला हातात सतरा हजार दोनशे पडत्यात. त्यो कंपनीचा न्हाईच, ठेकेदाराचा हाय." मी म्हणालो, "करंजी जळतीय बघ." करंजी जळत नव्हती.

आणि हे कळल्यानंतर, कळल्यानंतर बरं का, मी तुझ्या लग्नाच्या बायोडेटावर पन्नास हजार लिहून तो पाटसच्या पाहुण्यांना दिला. त्या बायोडेटातला तुझा पगार तू बघितलाही नसशील. आता त्यांचा निरोप आला आहे की मुलीला पुढे शिकायचं आहे. मुलगी एम.एस्सी. झालेली आहे. ती आता काय शिकणार हे मी विचारलं नाही.

का लिहिलं असं? तुला कॉलेजला घातलं तेव्हापासून मी गावात मान वर करून चालतो आहे. पोरगा इंजिनिअर म्हटलं की पुढचा माणूस लगेच विचारतो, "किती?" तिथे सतरा म्हणायचं म्हणजे समोरचा चहाची बशी खाली ठेवतो. त्याच्या शेतात कांदे काढायला येणाऱ्या जोडप्यालाही महिन्याला एवढे पडतात, हे तो मनात म्हणतो, आणि मला ते ऐकू येतं.

मग गेल्या पंधरा दिवसांत मला एक खोड लागली. गेल्या दहा वर्षांत गावातल्या पोरांसाठी मी इंजिनिअर झाल्याचे अकरा फ्लेक्स लिहिले. म्हटलं, त्यांचं खरं काय चाललंय ते बघू. रविवारी जो गावात दिसेल त्याला पारावर नाही, शेताकडे नेऊन विचारलं. आधी कुणी सांगेना. मग एकाने सांगितलं आणि बाकीचे सुटलेच.

रोहिदासचा थोरला, साई, मेकॅनिकल. त्याच्या फ्लेक्सवर मी "आंतरराष्ट्रीय कंपनीत निवड" असं लिहिलं होतं. तो एका कारखान्यात दिवसभर सुटे भाग मापतो, एकोणीस हजार. दर अकरा महिन्यांनी त्याला घरी बसवतात आणि पंधरा दिवसांनी परत बोलावतात. ते पंधरा दिवस तो सुट्टी काढून आलोय म्हणून सांगतो. सरपंचाच्या घरात या विषयावर कुणी तोंड उघडत नाही. सिव्हिल झालेला एक जण टेम्पो चालवतो आणि साईपेक्षा जास्त कमावतो, पण घरी त्याचा हेल्मेट घातलेला फोटोच लावलेला आहे. दोघं परीक्षा देतायत, सहा वर्षं. एकाला पुण्यात खरोखर सत्तर हजार आहेत. त्याचा बाप मात्र चाळीसच सांगतो, नजर लागेल म्हणून. म्हणजे खरं कुणीच सांगत नाही, कमी असलेलाही नाही आणि जास्त असलेलाही नाही.

रंगुबाईची नात ऋतिका भेटली. ती कॉम्प्युटरची, खराडीला असते, बासष्ट हजार. तिचा फ्लेक्स मला कुणी लिहायला सांगितला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता, ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. ती म्हणाली, "आबा, पैली तीन वर्सं मला बी पंधराच व्हते. आईला बी सांगितलं न्हाई. रूमवर एक टाइम जेवायचे. तवा कुणी इचारलं असतं ना, नुसतं काम काय करतीस म्हणून, तरी बरं वाटलं असतं."

मी तिला विचारलं नव्हतं. तुलाही विचारल्याचं आठवत नाही. तिने उलट मला विचारलं, पृथ्वीराजचं कसं चाललंय. मी म्हणालो, चांगलं चाललंय. बघ, अजून मला सवय जात नाही.

तुझा
आबा


निमोणे
२० फेब्रुवारी २०२५

चि. पृथ्वीराज,

काल मी कुरकुंभला जाऊन आलो. रागावू नकोस, एकटाच गेलो होतो. एसटीने न्हावरा, तिथून चौफुला, तिथून पाटस, असं करत. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

गेटसमोर चहाच्या टपरीवर बसलो. आपला फ्लेक्स काढून टपरीवाल्याने उलटा करून छपरावर टाकला आहे, ऊन लागू नये म्हणून. त्याने मला ओळखलं नाही. मी सहज विचारलं, इथले प्रोडक्शन मॅनेजर कोण? तो म्हणाला, "सुलक्षणा मॅडम. लई कडक, पण मानूस चांगलं. बावीस वर्सं झाली त्यास्नी."

त्या बाई बावीस वर्षं नोकरी करून त्या खुर्चीवर पोचल्या. एके दिवशी कामावर येतात तर गेटवर दहा फुटी फ्लेक्स, त्यांची जागा त्यांच्याच हाताखालच्या पोराला दिलेली, आणि शुभेच्छुक समस्त ग्रामस्थ. पृथ्वीराज, तू फ्लेक्सकडे पाहिलंस तेव्हा तुझा चेहरा का उतरला ते मला सव्वा महिन्याने कळलं.

चार वाजता त्यांची गाडी बाहेर आली, टपरीवाल्यानेच दाखवली. मी हात जोडून उभा राहिलो. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "तुम्ही ते फेटेवाले ना?" मी म्हणालो, व्हय, आन् माफी मागाया आलोय. त्या गाडीतून उतरल्या. टपरीवरच बसल्या, चहा घेतला. मला वाटलं होतं चार शब्द सुनावतील. त्या म्हणाल्या, "फ्लेक्सचं मला हसू आलं होतं. घरी नेऊन दाखवावा असं वाटलं. पण वरच्या ऑफिसला हसू आलं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला आधीच माहीत असेल, मला नव्हतं. एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडचे तीन इंजिनिअर कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम नोकरीत, घ्यायचे होते आणि यादीत पहिलं नाव तुझं होतं. मॅडमनीच दिलं होतं. सरपंच, बोलेरो, घोषणा हे बघून वरून शेरा आला, बाहेरून दबाव आणणारा उमेदवार. आणि कॉन्ट्रॅक्टरला निरोप गेला की याला थांबवा. मी विचारलं, तो शेरा काढता येईल का? त्या म्हणाल्या, "मी लिहिलेला असता तर खोडला असता."

पोरा, मी तुझ्या पायावर धोंडा पाडला. तुझी अडीच वर्षांची मेहनत मी एका दुपारी घालवली. पहिल्या पत्रात विचारलं होतं ना, मी केलं काय? हे केलं.

उठताना मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं काम तुम्ही कधी पाहिलंय का?" आणि त्यांनी नोव्हेंबरमधली एक गोष्ट सांगितली. दिवसपाळीला तू यंत्रांच्या कंट्रोल पॅनलवर होतास, रिॲक्टर म्हणजे ते मोठं बंद भांडं तापत होतं. तू जेवायला गेलास त्या वेळातल्या तापमानाचे आकडे कागदावर भरायचे राहिले होते. सुपरवायझर म्हणाला, आधीचे बघून भरून टाक, सगळे तसंच करतात. तू त्या ओळीत लिहिलंस, "नोंद घेतलेली नाही." तो तुझ्यावर ओरडला, माल अडकला, सगळी पाळी तुझ्यावर चिडली. दुसऱ्या दिवशी तपासलं तेव्हा तिथला तापमापकच बिघडलेला निघाला. तू आकडे भरले असतेस तर ते कुणाला कळलंच नसतं, आणि त्या भांड्याशेजारी माणसं काम करत होती.

मी टपरीवर बसून हे ऐकत होतो. माझ्या पोटी असा मुलगा कसा आला याचं मला आश्चर्य वाटलं, कारण मी जन्मभर न पाहिलेलंच लिहीत आलो आहे. मला तुझा अभिमान वाटला. तो याआधीही वाटायचा, पण तो कोटातल्या फोटोचा होता.

येताना पारगावच्या पुलापर्यंत मी एसटीत उभा होतो. एका पोराने जागा दिली तरी बसलो नाही. बसवत नव्हतं.

तुझा
आबा


निमोणे
११ मार्च २०२५

चि. पृथ्वीराज,

आता कामाचं. हे पत्र नीट वाच आणि उत्तर दे. माझ्यासाठी नको, पण दे.

दहेजच्या कंपनीचं तुझ्या आईने सांगितलं. गुजरातेत का होईना, कंपनीच्या रोलवर, बत्तीस हजार, हे ऐकून ती देवापुढे साखर ठेवून आली. मग म्हणाली की अनुभवाचा दाखला पाहिजे आणि कॉन्ट्रॅक्टर, तो ज्ञानूशेठ, देत नाही. दाखल्याशिवाय अडीच वर्षं पाण्यात आणि तू पुन्हा नवशिका. चोवीस तारखेपर्यंत तो तिकडे दाखवायचा आहे. तू त्याच्याकडे तीनदा गेलास आणि त्याने तुला बाहेर उभं केलं, हेही तिने सांगितलं.

रोहिदास म्हणाला, "आबा, आमदारसायबाचं पत्र आनतो, उद्या घरपोच दाखला." मी म्हणालो, तू गाडीची चावी हातात घेतलीस तर तुझ्या-माझ्या घरचं येणं-जाणं बंद. तो रुसला आहे. रुसू दे.

ज्ञानूशेठच्या ऑफिसात मी सात दिवस गेलो. हार्डवेअरच्या दुकानावर जिन्याने वर, एक बाक आहे. सकाळी जाऊन बसायचं, दुपारी घरची भाकरी खायची, पाच वाजता परत. तुझ्यासारखी पोरं येत होती, कुणी पगाराच्या स्लिपसाठी, कुणी पीएफच्या नंबरसाठी. चौथ्या दिवशी ज्ञानूशेठ म्हणाला, "आबा, तुमी रोज बसताय, पोरं तुमालाच साहेब समजून नमस्कार करायला लागलीत." तरी बसलो. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "मला कंपनीला दाखवाया कागद द्या. झालं त्ये कुनाच्या सांगन्यावरनं झालं, त्ये लिवून द्या."

लिहायचं म्हटल्यावर मला बरं वाटलं. सदर, विनम्र, अनवधानाने, असं पानभर लिहिलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "आबा, ह्ये भाषन हाय." फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं त्यात गावाचा इतिहास आला. तेही फाडलं. तिसऱ्यांदा पाच ओळी झाल्या. सत्कार आणि फ्लेक्स माझ्या एकट्याच्या डोक्यातून आला. मुलाला काही माहीत नव्हतं. फ्लेक्सवरचा मजकूर खोटा होता. त्यामुळे मुलाची नोकरी गेली. मला माफ करावं. खाली समस्त ग्रामस्थ नाही, नुसतं बाळासो. माझ्या मजकुराखाली माझं एकट्याचं नाव पहिल्यांदाच आलं.

हा कागद ज्ञानूशेठने फाडला नाही. मग त्याने कॉम्प्युटरवाल्याला दाखला काढायला सांगितला. इथपर्यंत सगळं बरं होतं.

कॉम्प्युटरवाल्याने विचारलं, पद काय, पगार काय? त्यांच्या रजिस्टरला तू हेल्पर म्हणून आहेस. बी.ई. केमिकल झालेला माझा मुलगा, हेल्पर. आकडा तो, सतरा हजार दोनशे. माझ्या तोंडाकडे बघून ज्ञानूशेठ म्हणाला, "आबा, नाराज नका होऊ. कागद आपलाच हाय. बोला, काय लिवू? सीनियर इंजिनिअर लिवू? चोवीस लिवू, पंचवीस लिवू? आमाला काय फरक पडतो."

घरी येऊन तुझ्या आईला विचारलं, काय लिहायला सांगू? तिने घासायचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्यानं तिकडं चोवीस सांगितल्यात. त्याच्यावरच बत्तीस ठरल्यात. त्ये लोक मागच्या पगारावर वाढ देत्यात. आता कागदावर सतरा दिसले, तर ठेवत्यात का काढत्यात काय म्हाईत."

मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. हे तू कुणाकडून शिकलास, असं मी कुणाला विचारू?

तर असं आहे. चोवीस लिहिले तर कागद तुझ्या शब्दाशी जुळेल, नोकरी पक्की, बत्तीस हजार. ज्ञानूशेठ एक मिनिटात काढून देतो. सतरा लिहिले तर नोकरी राहील का जाईल, सांगता येत नाही. राहिली तरी पगार कितीने उतरेल, माहीत नाही.

मी त्याला म्हणालो, थांब. पोराला विचारून सांगतो. तो हसला. म्हणाला, "आता इचारताय व्हय?"

माझं मत काय ते मी या पत्रात लिहिलं होतं, दीड पान. ते पान काढून टाकलं. तुझ्या बाबतीत माझं मत बरंच झालं. नोकरी तुझी, नाव तुझं, तिकडे रोज सकाळी तुला उभं राहायचं आहे. तू सांगशील ते मी त्याला लिहायला लावतो. चोवीस म्हणालास तर चोवीस, आणि मी तोंडातून ब्र काढणार नाही.

तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुझा
आबा


दौंड
१८ मार्च २०२५

आबा,

चारही पत्रं मिळाली. पहिलं मी अर्धंच वाचून ठेवलं होतं, परवा पूर्ण वाचलं.

फोन सुरू केला आहे. पण हे फोनवर बोलायला जमलं नसतं.

मला फ्लेक्सचा राग आला होता, पण खरा राग त्याचा नव्हता. मॅडमनी तुम्हाला सांगितलेली ती तापमानाच्या नोंदीची गोष्ट मी त्याच आठवड्यात तुम्हाला फोनवर सांगितली होती. संध्याकाळी सव्वासहाला, रूमवर यायच्या आधी, हायवेला उभं राहून. तुम्ही म्हणालात, "बरं बरं. परमनंटचं काय झालं?" तेव्हापासून मी कामाचं काही सांगायचं सोडून दिलं. तुम्हाला ते टपरीवर ऐकायला लागलं, याचं मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

चोवीस हजार मीच सांगितले होते. मुलाखतीला तिघे जण होते. सध्या किती मिळतात म्हणून विचारलं आणि तिघांनी एकदम वर पाहिलं. मला सतरा म्हणवेना. तापमानाचे आकडे मी भरले नाहीत आणि स्वतःचा भरला, हे तेव्हापासून डोक्यात आहे. आईला सांगितलं ते हलकं व्हायला. तुम्हाला सांगायचं नव्हतं, तुम्ही म्हणाला असतात, बरं केलंस.

तुमचं शेवटचं पत्र आल्यावर दोन दिवस मी काहीच केलं नाही. तुम्ही मला विचारलंत आणि मत दिलं नाहीत, त्यामुळे कुणाविरुद्ध जायचं तेच समजेना. मग काल दहेजला फोन लावला. तिथल्या एचआरच्या बाईंना सांगितलं की मी पगार चुकीचा सांगितला, खरा सतरा हजार दोनशे आहे. मला वाटलं, गेलं. मग त्यांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? मी म्हणालो, लाज वाटली. सरांना विचारून कळवते म्हणाल्या. तो दिवस कसा गेला ते लिहीत नाही.

संध्याकाळी फोन आला. घेतायत. कंपनीच्याच रोलवर, कॉन्ट्रॅक्टर मध्ये नाही. पण वाढ पस्तीस टक्केच मिळते, आणि ती सतरा हजार दोनशेवर. म्हणजे तेवीस हजार दोनशे. बत्तीस नाही. मी हो म्हणालो.

ज्ञानूशेठला पगार खरा लिहायला सांगा. पद मात्र हेल्पर लिहू देऊ नका, तेही खोटंच आहे. मी दोन वर्षं सात महिने पॅनल ऑपरेटरचं काम केलं आहे, तेच लिहायचं. तो अडून बसला तर मॅडमकडे जा, त्या लेखी देतील. तुम्ही सात दिवस त्या बाकावर बसलात, आणखी एक दिवस बसा.

दाखल्याचा फोटो सोमवारी सकाळी पाठवा, मी तो तिकडे पाठवतो. मूळ कागद मंगळवारी दौंड स्टेशनवर तुम्हीच घेऊन या. गाडी दुपारची आहे. आईला आणा. रोहिदासकाकांना नंतर मी फोन करेन.

गावात विचारतील, पोराला किती पडतात म्हणून. तेवीस हजार दोनशे सांगा. पुढे "सध्या" लावू नका, "सुरुवातीला" लावू नका. नुसता आकडा सांगा, आबा, आणि सांगताना आवाज खाली आणू नका.

पृथ्वीराज